‘दिसायला देखणा, आत पोकळ’ या वाक्याचे काय करायचे?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रेम आणि गुन्हा यांची सांगड घालणारा, नटूनथटून आलेला चित्रपट प्रदर्शित झाला, की त्या आठवड्याच्या परीक्षणांत एक वाक्य हमखास भेटते: ‘दिसायला देखणा, आत पोकळ.’ कधी ते ‘शैलीच्या झगमगाटात आशय हरवला’ असा वेष घालून येते, कधी ‘वेष्टन सुंदर, आत माल नाही’ असा. वाचकाला त्यातून काहीच कळत नाही. कोणता प्रसंग पोकळ वाटला? देखणे म्हणजे नेमके काय होते: उजेड, कपडे, कॅमेऱ्याची चाल, की फक्त नायिका? हे न सांगता तीन तारे ठोकून परीक्षण संपते.

आक्षेप परीक्षकाच्या नापसंतीला नाही. चित्रपट नावडू शकतो, आणि या प्रकारातले पुष्कळ चित्रपट खरोखरच फसलेले असतात. आक्षेप आहे तो शैली एका पारड्यात आणि आशय दुसऱ्यात टाकण्याच्या सवयीला. कौटुंबिक नाट्यात ती एक वेळ चालून जाते, प्रेमी-गुन्हेगारांच्या चित्रपटात चालत नाही. त्याचे कारण अगदी साधे आहे. या चित्रपटांत माणसे खोटे बोलतात. चोर पोलिसाशी, पोलीस चोराशी, आणि प्रेमात पडलेली दोघे एकमेकांशीही. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ हे वाक्य इथे जवळजवळ नेहमीच संशयास्पद असते. संवादांवर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे खरे काय ते सांगण्याचे काम नजरेकडे, दोन माणसांतल्या अंतराकडे, उजेडाकडे आणि संकलनाकडे जाते. म्हणजे ज्याला परीक्षक ‘वेष्टन’ म्हणतो, मजकूर तिथेच लिहिलेला असतो.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. राज खोसला दिग्दर्शित, गुरुदत्त निर्मित ‘सीआयडी’ (1956) मधले ‘कहीं पे निगाहें कहीं पे निशाना’. शमशाद बेगमचा आवाज, पडद्यावर वहिदा रेहमान. गाणे ऐकायला खलनायक समोर आहे आणि त्याचे लक्ष तिच्याकडे खिळून राहिले तरच देव आनंदला तिथून निसटता येणार आहे. शब्द एकासाठी, इशारा दुसऱ्यासाठी. हे गाणे ‘आयटम’ म्हणून बाजूला काढले तर कथानकाचा सांधाच निखळतो, कारण निसटण्याची सगळी जुळणी गाण्याच्या आतच होते. इथे प्रणय आणि गुन्हा एकाच नजरेच्या फेकीत बसवले आहेत. त्या वेळच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागले नाही. आजच्या परीक्षकाला मात्र अशा जागी ‘गाण्यांमुळे कथेचा वेग मंदावतो’ असे लिहिण्याची घाई असते.

दुसरे उदाहरण एका शॉटचे. जोसेफ एच. लुईस यांच्या ‘गन क्रेझी’ (1950) मध्ये नायक-नायिका गाडीने एका गावात शिरतात, बँकेसमोर जागा शोधतात, तो आत जातो, ती बाहेर थांबते, मध्येच एक पोलीस तिथे येतो, ती उतरून त्याच्याशी गप्पा मारते, नायक धावत येतो, गाडी सुटते. साधारण साडेतीन मिनिटे, एकही कट नाही, कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर. दरोडा घडतो पण आपण बँकेच्या आत पाऊलही टाकत नाही. आपल्याला दिसतात ते या दोघांचे पाठमोरे खांदे, समोरची काच आणि अधूनमधून वळणारे चेहरे. दिग्दर्शकाने पैशांची पेटी दाखवायची की हे दोघे, यात निवड केली आणि ती पहिल्या मिनिटापासून पाळली. पळ काढल्यावर ती मागे वळून पाहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नसते, चक्क आनंद असतो. पुढे हे प्रेम कोणत्या वाटेने जाणार ते त्या एका वळण्यात कळते. आता याला शैली म्हणायचे की पटकथा?

पण लगेच ‘सलग चित्रीकरण म्हणजे श्रेष्ठ’ असा नियम करू नये. तोही आळसच. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या ‘आउट ऑफ साइट’ (1998) मध्ये बँका लुटणारा कैदी आणि त्याच्या मागावरची मार्शल, म्हणजे केंद्रीय पोलीस अधिकारी, एका गाडीच्या डिकीत अंगाला अंग लावून बंद होतात आणि बोलू लागतात. हा प्रसंग आधी सलग एका शॉटमध्ये चित्रित केला होता. चाचणी प्रयोगात प्रेक्षकांचा रस तिथेच ओसरला. मग तो पुन्हा चित्रित झाला, तुकड्यांत, मध्ये मध्ये डिकीबाहेरचे दृश्य घालून. दिग्दर्शकाने नंतर सांगितलेले कारण शिकण्यासारखे आहे: कॅमेरा बाहेर जाऊन परत आला की मधल्या वेळात आत काय झाले असेल ते प्रेक्षक स्वतः भरून काढतो, आणि त्या भरण्यातच दोघांची जवळीक वाढते. ‘गन क्रेझी’त बाहेरचे जग सतत बदलत होते, म्हणून न कापता चालले. डिकीत बदलण्यासारखे काहीच नव्हते, दोन चेहरे आणि लाल उजेड, म्हणून कापावे लागले. संकलन ॲन व्ही. कोट्स यांचे. याच चित्रपटातल्या हॉटेलच्या प्रसंगात बारमधले बोलणे चालू असताना पुढच्या खोलीतली दृश्ये मध्येच घुसतात आणि क्षणभर चौकट गोठते. शब्दांत दोघे अजून अंदाज घेत आहेत, चित्रांत निर्णय होऊन गेला आहे. नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून याचीच निवड केली, तिकीटबारीवर मात्र तो अपेक्षेइतका चालला नाही.

आता समीक्षकांच्या स्वागताविषयी, कारण या प्रकारात पहिल्या आठवड्याचे मत किती घसरू शकते याचा धडा 1967 सालीच गिरवून झाला आहे. आर्थर पेन यांचा, बँका लुटणाऱ्या प्रेमी जोडीवरचा ‘बॉनी अँड क्लाइड’ त्या ऑगस्टमध्ये माँट्रियलच्या महोत्सवात दाखवला गेला आणि लगोलग न्यूयॉर्कला लागला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर हे त्या पानावर 1940 पासून बसलेले वजनदार नाव. त्यांनी चित्रपटाला स्वस्त, थिल्लर विनोदिका ठरवले आणि खुनी जोडीचे वर्तन मजेशीर करून दाखवल्याबद्दल झोडपले. एकदा लिहून थांबले नाहीत, पुन्हा पुन्हा त्यावर आले. ‘न्यूजवीक’चे जोसेफ मॉर्गेनस्टर्न यांनीही पहिल्यांदा चित्रपट मोडीत काढला. मग ते सामान्य प्रेक्षकांबरोबर बसून तो पुन्हा पाहून आले आणि पुढच्याच अंकात आपले आधीचे परीक्षण चुकले असे छापून मोकळे झाले. ऑक्टोबरमध्ये समीक्षक पॉलीन केल यांचा दीर्घ लेख ‘न्यूयॉर्कर’मध्ये आला. तो आधी ‘न्यू रिपब्लिक’साठी लिहिला होता आणि तिथे नाकारला गेला होता. ‘टाइम’ साप्ताहिकाने सुरुवातीला नाक मुरडले होते, त्याच ‘टाइम’ने 8 डिसेंबर 1967 च्या अंकाच्या मुखपृष्ठावर या चित्रपटाला जागा दिली, चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्या कोलाजसह. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला क्राउदर यांच्या जागी रेनाटा ॲडलर आल्या. ऑस्करची नामांकने 10, पुरस्कार 2: सहायक अभिनेत्री एस्टेल पार्सन्स आणि छायालेखक बर्नेट गफी.

या हकिगतीतून ‘समीक्षक चुकतात, प्रेक्षक बरोबर असतो’ एवढाच अर्थ काढणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. क्राउदर यांची चूक नेमकी कुठे झाली ते पाहायला हवे. चित्रपटात हास्य आहे आणि हिंसा आहे, हे त्यांनी बरोबर टिपले. या दोन्ही गोष्टी कोणत्या क्रमाने येतात याकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष झाले. एका दरोड्यात साथीदार बाहेर गाडी दोन गाड्यांच्या बेचक्यात नीट पार्क करून ठेवतो. दोघे पैसे घेऊन धावत येतात तर गाडी निघता निघत नाही, प्रेक्षक हसत असतात. तेवढ्यात बँकेचा एक माणूस गाडीच्या पायरीवर उडी मारतो आणि क्लाइड खिडकीतून त्याच्या तोंडावर गोळी झाडतो. काचेपलीकडे तो रक्ताळलेला चेहरा. हसू ओठांवर असतानाच घास घशात अडकतो. पुढच्याच प्रसंगात ही टोळी चित्रपटगृहात बसली आहे आणि पडद्यावर पैशांचे गाणे चालू आहे. दिग्दर्शकाने आपल्याला हसवले ते असे पकडण्यासाठी. ‘हिंसेचे विनोदीकरण’ हे निदान त्या क्रमाकडे न पाहता केलेले आहे.

शेवटचा गोळीबार तर ‘शैली’ या शब्दाचा सगळ्यात गाजलेला नमुना. मिनिटभरही न चालणाऱ्या त्या तुकड्यासाठी 4 कॅमेरे वेगवेगळ्या गतीने चालवले होते. इथे थोडे गणित सांगतो, कारण परीक्षणांत ‘स्लो मोशनचा अतिरेक’ हा शब्दप्रयोग फार सैल वापरला जातो. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी दाखवल्या जातात. चित्रीकरण सेकंदाला 48 चौकटींनी केले तर हालचाल निम्म्या वेगाने दिसते, 96 चौकटींनी केले तर पाव वेगाने. एकाच घटनेचे वेगवेगळ्या गतींचे तुकडे एकमेकांत विणले, तर काळ एकाच वेळी ताणला आणि तोडला जातो: शरीर सावकाश कोसळते आणि पुढच्याच कटला झटका बसतो. संकलक डेडे ॲलन यांनी हेच केले. त्याआधी, गोळ्या सुटण्याच्या अगदी तोंडावर, दोघांच्या चेहऱ्यांचे काही झटपट कट आहेत. पक्षी उडतात, दोघांना कळते, दोघे एकमेकांकडे पाहतात. दोन तासांतले सगळ्यात मोठे प्रेमदृश्य तेच आहे आणि त्यात एक शब्द नाही. मग गोळीबार, मग शांतता. चित्रपट तिथेच तुटल्यासारखा संपतो.

स्लो मोशन चुकते ते त्याची सवय होते तेव्हा. नायक गाडीतून उतरला सावकाश, गॉगल काढला सावकाश, नायिकेचे केस उडाले सावकाश; मग गोळी लागते तेव्हा दिग्दर्शकाच्या हातात काहीच शिल्लक नसते. परीक्षकाने एवढे जरी मोजले, की गती कितीदा मंदावली आणि त्यातल्या कितीदा कथेत काही बदलले, तरी ‘अतिरेक’ या शब्दाला आधार मिळेल. तसेच ‘वेगवान संकलन’ या शब्दाचे. 2 तास म्हणजे 7,200 सेकंद. त्यात 1,200 शॉट असतील तर सरासरी 6 सेकंद, 2,400 असतील तर 3 सेकंद. पण सरासरी फसवी असते. मारामारीत कट दीड सेकंदावर आलेले कोणालाही दिसतात. प्रेमप्रसंगातही ते दीड सेकंदावरच राहिले असतील, तर दोघांना एकमेकांकडे बघायलाही वेळ मिळालेला नाही, आणि ‘प्रेम पटत नाही’ या तक्रारीचे मूळ अभिनयात नसून तिथे आहे.

‘केमिस्ट्री जुळली नाही’ हे असेच एक वाक्य, ज्यापुढे पूर्णविराम देऊन परीक्षक घरी जातो. जुळली नाही म्हणजे काय झाले? तपासायला सोपी जागा अशी: दोघांचेही चेहरे एकाच चौकटीत दिसतात असे शॉट किती आणि ते किती वेळ टिकतात? पुष्कळदा संवाद एकेकट्याच्या क्लोजअपमध्ये घेतलेले असतात, कधी तर वेगवेगळ्या दिवशी, समोर दुसऱ्याच कोणाचा तरी खांदा उभा करून. मग नजरा जुळत नाहीत. एकाची नजर कॅमेऱ्याच्या थोडी डावीकडे आणि दुसऱ्याची जरा जास्तच वर जाते, आणि प्रेक्षकाला कारण न कळता दोघे परके वाटतात. दुसरी जागा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याची. बोलणाऱ्यावर कॅमेरा ठेवणे सोपे, पण प्रेम दिसते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. आणि संशयही. दोघे कायम वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबून मगच बोलत असतील, तर ते पाठांतर वाटते. जवळची माणसे एकमेकांची वाक्ये तोडतात.

रुंद पडद्याचाही इथे मोठा वाटा आहे. 2.39 ला 1 अशा लांबट चौकटीत दोन माणसे दोन टोकांना बसवली, तर मधली रिकामी जागा स्वतःच एक पात्र होते. अंतर कमी होत जाते तसे प्रेम वाढते, किंवा सापळा आवळला जातो. चांगल्या दिग्दर्शकाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात. तोच चित्रपट फोनवर पाहून त्यावर लिहिणाऱ्याला ही जागा करंगळीएवढी दिसते, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण त्याने ‘चौकटी रिकाम्या वाटतात’ असे लिहू नये.

‘जाहिरातीसारखे दिसते’ ही तक्रार मात्र पुष्कळदा बरोबर असते, फक्त तिचे कारण लिहिले जात नाही. 85 मिमीची लेन्स, छिद्र एफ 1.4 इतके उघडे आणि माणूस 2 मीटरवर असेल, तर पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 4 ते 5 सेंटिमीटर खोल असतो. डोळा धारदार, कान धूसर, मागचे सगळे दिवे गोल गोल ठिपके. दिसायला मोहक. पण गुन्हेपटात मागे काय आहे याला किंमत असते: दार कुठे आहे, कोण उभे आहे, खिडकी उघडी आहे का. प्रत्येक शॉटमध्ये पार्श्वभूमी अशी पुसून टाकली की जागा नाहीशी होते, जागेबरोबर धोका नाहीसा होतो, आणि उरतो तो अत्तराच्या जाहिरातीतला चेहरा. दृश्य सुंदर असणे हा दोष नाही. सगळीच दृश्ये सारखीच सुंदर असणे हा दोष आहे, कारण मग कोणत्या क्षणी जास्त लक्ष द्यायचे ते डोळ्याला कळत नाही.

(जाता जाता: पाऊस नसताना रात्रीचे रस्ते ओले कसे, असे विचारून चूक पकडल्याचा आनंद काही जण घेतात. कोरडे डांबर उजेड खाते, ओले डांबर परत फेकते, म्हणून रात्रीच्या चित्रीकरणाआधी रस्त्यावर पाणी मारण्याचा रिवाज जुना आहे. तो संकेत आहे, नाटकातल्या तीन भिंतींसारखा.)

अंधाराबद्दलही तेच. ‘छायाचित्रण नको इतके काळोखे’ असे लिहिण्याआधी पडदा तपासावा. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पांढऱ्या पडद्याची उजळता चौरस मीटरला 48 कँडेला (प्रकाश मोजण्याचे एकक) असायला हवी. दिवा जुना झाला, किंवा थ्रीडीची काच प्रोजेक्टरवर तशीच राहिली, की ती बरीच खाली येते. ओळखण्याची खूण सोपी: श्रेयनामावलीतली पांढरी अक्षरे राखाडी दिसत असतील तर दोष चित्रपटगृहाचा. अक्षरे लख्ख आणि चेहरे मात्र चाचपडावे लागत असतील, तर छायालेखकाला खुशाल जाब विचारावा.

ध्वनीवर तर परीक्षणांत एक ओळही नसते. ‘पार्श्वसंगीत पूरक’ की संपले. या प्रकारात संगीत कधी सुरू होते याला महत्त्व आहे. पात्राचे खोटे वाक्य संपण्याआधीच तंतुवाद्ये भरून आली, तर ते खोटे आहे हे आपल्याला आधीच सांगून टाकले, आणि मग फसते ती एकटी नायिका, आपण नाही. संगीत तीन-चार सेकंद उशिरा आले तर आपणही फसतो. घरी पाहताना एक प्रयोग करता येतो: कोणतीही पाच मिनिटे आवाज बंद करून पाहावीत. कोण कोणाला घाबरते, कोण कोणाला हवे आहे, हे कळले तर शैली काम करते आहे. काहीच कळले नाही, नुसते देखणे लोक इकडून तिकडे फिरताना दिसले, तर ‘पोकळ’ हा शब्द वापरायला हरकत नाही, फक्त ती पाच मिनिटे कोणती ते लिहावे.

आता ‘गुन्ह्याचे उदात्तीकरण’. हा आरोप या प्रकाराइतकाच जुना आहे. अमेरिकेत 1934 पासून कडकपणे राबवलेल्या निर्मिती संहितेत, म्हणजे चित्रपटात काय दाखवावे याच्या नियमावलीत, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटू नये असे बंधन होते. ते पाळण्यासाठी शेवटच्या रिळात गुन्हेगाराला मारून टाकण्याची पद्धत रुळली. ती संहिता 1968 मध्ये जाऊन प्रेक्षकांच्या वयानुसार वर्गवारी आली, पण शेवट पाहून नीती ठरवण्याची सवय परीक्षकांत शिल्लक राहिली. नायक मेला म्हणजे बोधप्रद, सुटला म्हणजे उदात्तीकरण. खरे तर शेवट हा सगळ्यात कमी विश्वासाचा पुरावा आहे, कारण तो बाहेरच्या दबावानेही बदलतो. पाहायचे ते मधले: ज्याचे नुकसान झाले त्याला चेहरा आहे का? तो पुन्हा आठवणीत येतो का? ‘बॉनी अँड क्लाइड’मधल्या बँकेच्या त्या माणसाला नाव नसले तरी चेहरा आहे आणि तो विसरता येत नाही. उलट शंभर माणसे मारून ज्या चित्रपटात एकाचेही घर दाखवलेले नाही, तिथे शेवटी बेड्या पडल्या तरी उदात्तीकरण झालेलेच आहे.

आकड्यांविषयी थोडक्यात. परीक्षणे एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे सरासरी गुण नव्हेत, अनुकूल मत देणाऱ्यांचे ते प्रमाण आहे, आणि 60 टक्क्यांना चित्रपट ‘ताजा’ ठरतो. समजा 10 परीक्षकांनी एका चित्रपटाला प्रत्येकी 10 पैकी 6 दिले आणि सगळ्यांनी ‘बरा’ म्हटले. टक्केवारी 100, सरासरी 6. दुसऱ्याला सहा जणांनी 9 दिले, चौघांनी 3. टक्केवारी 60, सरासरी 6.6. ज्याच्यावर लोक भांडले तो चित्रपट सरासरीत वर आहे आणि टक्केवारीत 40 ने खाली. शैलीदार प्रेम-गुन्हेपटाच्या नशिबी बहुधा दुसरा प्रकार येतो. तेव्हा बातमीत ‘समीक्षकांनी नाकारला’ असे लिहिताना निदान दोन्ही आकडे द्यावेत. शिवाय जाहिरात निव्वळ प्रेमकथेची आणि आत रक्तपात, असे झाले की पहिल्या रात्रीचा प्रेक्षक फसवला गेल्याच्या रागाने गुण देतो. तो राग जाहिरात करणाऱ्यांवरचा असतो.

आपल्या पानाकडून अपेक्षा फार नाहीत. चारशे शब्दांच्या परीक्षणात कथानकाला ऐंशी शब्द पुरेत, आणि मध्यंतरानंतरचे एक अक्षरही नको. उरलेल्या जागेत किमान एका प्रसंगाचे वर्णन असे असावे, की वाचक तो पडद्यावर ओळखू शकेल. प्रेस शो संपल्यावर काही तासांत मजकूर द्यावा लागतो याची कल्पना आहे, म्हणूनच दुसरी विनंती: वादग्रस्त चित्रपटावर आठ-दहा दिवसांनी, भरलेल्या चित्रपटगृहात पाहून, दीडशे शब्दांची एक पुरवणी नोंद द्यावी. मत तेच राहिले तर तसे लिहावे. मॉर्गेनस्टर्न यांना मत बदलायला एक आठवडा लागला आणि त्यांचे नाव आज लोक आदरानेच घेतात.

शिवाय परीक्षणाशेजारच्या चौकटीत कलाकारांची सात-आठ नावे असतात, तिथे छायालेखक, संकलक आणि ध्वनी आरेखक यांचीही नावे छापावीत. ‘बॉनी अँड क्लाइड’च्या त्या 10 नामांकनांत अभिनयाची 5 होती, वेशभूषेचेही एक होते. संकलनाचे नव्हते.

आपला,
चित्रपटाच्या पानाचा एक नियमित वाचक